चार रात्री, एक नदी

हिवाळी हंगामाचे आराखडे ठरवायचे हे दिवस आहेत. मराठवाडा आणि विदर्भाच्या सीमेवर निसर्ग सहली नेणाऱ्या संयोजकांचा ठरलेला साचा आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे. पहिल्या दिवशी नांदेडला सचखंड हुजूर साहिब, दुसऱ्या दिवशी माहूरला रेणुकामाता आणि दत्तशिखर, मग टिपेश्वरला दोन सफारी, तिथून ताडोबा आणि नागपूरहून परतीची गाडी. कागदावर हा कार्यक्रम भरगच्च दिसतो, विकायलाही सोपा जातो. पण त्यात पाहुणा रोज नव्या खोलीत उतरतो, रोज सामान बांधतो आणि सकाळी साडेसात-आठला नाश्ता करून गाडीत बसतो. पक्षी पाहण्याची वेळ म्हणजे उजाडल्यानंतरचे दोन-अडीच तास आणि मावळतीआधीचा तास-दीड तास. ही वेळ खोली सोडण्यात आणि महामार्गावर गेली, तर त्या सहलीला पक्षीनिरीक्षण म्हणणे ही पाहुण्यांची फसवणूक आहे, मग दुर्बिणी कितीही महागड्या असोत. वन्यजीव, पक्षी आणि देवस्थाने एकत्र दाखवायची असतील तर सहलीचा कणा एकच नदी असावी आणि मुक्काम दोनपेक्षा जास्त नसावेत, असे आमचे ठाम मत आहे. त्यासाठी हिमायतनगरचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेत आहोत, कारण आपल्या पत्रिकांमध्ये या गावाचे नाव क्वचितच सापडते.

हिमायतनगर मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावर आहे आणि भोकरहून किनवटकडे जाणारा महामार्गही गावातूनच जातो. गावाच्या उत्तरेला पैनगंगा. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी इथे नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांची सीमा आखते, थोडे पुढे गेल्यावर महाराष्ट्र आणि तेलंगणाची. इथून वर गेले की इसापूर धरण लागते, खाली गेले की इस्लापूरजवळ सहस्रकुंडचा धबधबा. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे 325 चौरस किलोमीटरचे पैनगंगा अभयारण्य पसरलेले आहे, त्यापुढे किनवटचे सागवानी जंगल, उनकेश्वरचे उष्ण पाण्याचे झरे आणि माहूरचे डोंगर. मोठा जलाशय, वाहती नदी, खडकाळ पात्र, पानगळीचे जंगल आणि कापूस-सोयाबीनची शेते हे पाचही अधिवास एका गावात राहून पहाटे गाठता येतात. तरीही आपण पाहुण्यांना याच रस्त्याने न थांबता पुढे नेतो.

आराखडा सफारीच्या गेटपासून सुरू करण्याऐवजी पाण्यापासून सुरू केला तर महिनेही आपोआप ठरतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ सहस्रकुंडचा. काळ्या खडकावरून नदी अनेक धारांनी कोसळते आणि काठच्या देवळापर्यंत तुषार येतात. हा धबधबा पाऊस आणि इसापूरचा विसर्ग या दोन गोष्टींवर चालतो, त्यामुळे धरणातून किती पाणी सोडले आहे याची चौकशी केल्याशिवाय गट खडकांवर नेऊ नये. विसर्ग वाढला की पाणी झपाट्याने चढते आणि मधल्या खडकावर गेलेल्याला परतायची वाट राहत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने जलाशयाचे. कालव्यांना पाणी सुटते, धरणाचे पाणी हळूहळू मागे हटते, उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात. त्या चिखलाच्या पट्ट्यात शेकाटे आणि तुतारी चोच खुपसत फिरतात, जरा आत थापट्या आणि चक्रवाक तरंगतात, आणि मराठवाड्यातल्या अशा धरणांवर पट्टकादंबांचे थवे कोवळ्या पिकात चरायला उतरतात. काठावरचा शेतकरी त्यांना हाकलत असेल तर त्याला दोष देणे सोडाच, त्याचे पीक त्याच्या पोटाचे आहे हे पाहुण्यांना समजावून सांगणे हे मार्गदर्शकाचे काम आहे. फेब्रुवारीअखेर पळस फुलतो, त्यावर भोरड्यांचे थवे गोंधळ घालतात. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळायला लागला की जंगलाचे वेळापत्रकच पालटते. पहाटे अंधारातच बाया-माणसे टोपल्या घेऊन मोहाखाली जातात आणि त्याच फुलांसाठी अस्वलही येते. या काळात पायी फिरवायचे असेल तर उजाडून गेल्यावरच, आणि गावातला माणूस पुढे ठेवूनच.

एका जागी थांबण्याचा फायदा डॉ. सलीम अलींनी 1931-32 मध्ये केलेल्या हैदराबाद संस्थानाच्या पक्षी सर्वेक्षणातही दिसतो. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. ते काम मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमधून प्रसिद्ध झाले आणि दख्खनच्या या भागातल्या पक्ष्यांचा अभ्यास करणारा आजही आधी तिथेच जातो. तळ ठोकून, तेच जंगल पुन्हा पुन्हा पालथे घालून झालेल्या नोंदी नव्वद वर्षांनी उपयोगी पडतात. धावत्या गाडीतून केलेली यादी पुढच्या हंगामातही कुणी उघडून बघत नाही. पुणे, नागपूरच्या मानाने नांदेड जिल्ह्यातल्या पक्ष्यांच्या नोंदी आजही विरळ आहेत. दोन सकाळी एकाच काठावर घालवणारा गट इथे खरोखरची भर घालू शकतो. मुरलेल्या पक्षीमित्राला यापेक्षा मोठे आमिष दाखवायची गरज नाही.

देवस्थानांचे काय, हा प्रश्न लगेच येतो. आपल्या पत्रिकांत ती दोन सफारींच्या मधल्या रिकाम्या जागेत कोंबलेली असतात, आणि हा देवस्थानांवरही अन्याय आहे. पक्ष्यांना सकाळ-संध्याकाळ दिली की भर दुपार उरते. उनकेश्वर, माहूरचे वस्तुसंग्रहालय, पांडव लेणी, माहूरचा किल्ला यांसाठी हिवाळ्यातली दुपार अगदी योग्य. हिमायतनगरच्या श्री परमेश्वर मंदिरात आणि रेणुकामातेच्या गडावर मात्र आरतीच्या वेळेला जावे, कारण तिथे वास्तूइतकीच माणसे पाहण्यासारखी असतात. पंचांग न पाहता तारखा ठरवणारा संयोजक इथे हमखास अडकतो. शारदीय नवरात्रात आणि दत्तजयंतीला माहूरला लाखोंची गर्दी असते, महाशिवरात्रीला हिमायतनगरची यात्रा भरते, दसरा आणि होळीला नांदेडात देशभरातून शीख भाविक येतात. त्या दिवसांत शांत पक्षीनिरीक्षणही होत नाही आणि खोलीही मिळत नाही. ज्यांना यात्राच पाहायची आहे त्यांच्यासाठी ती तारीख मध्यभागी धरून वेगळी सहल आखावी. किनवट-माहूर भागातल्या आणि सीमेपलीकडच्या आदिलाबादच्या गोंड-कोलाम वस्त्यांबद्दल तर आणखी जपून वागायला हवे. दिवाळीच्या दिवसांत मोरपिसांचे टोप घालून होणारी आदिलाबादच्या गोंडांची दंडारी आणि त्यातले गुसाडी नृत्य हा त्यांचा धर्म आहे. 2021 मध्ये कनक राजू यांना गुसाडीसाठी पद्मश्री मिळाली, त्यानंतर बाहेरच्या लोकांचे कुतूहल वाढले. ते चांगलेच आहे. पण पैसे देऊन जानेवारीत अंगणात नाच करायला लावणे म्हणजे त्या माणसांच्या श्रद्धेचा बाजार मांडणे आहे. गावाने बोलावले तर जावे, बोलावले नाही तर जाऊ नये.

यावर सगळ्यात जोरदार आक्षेप धंद्याच्या बाजूने येतो: वाघाचे नाव नसेल तर बुकिंग होत नाही. आक्षेप खरा आहे. पण वाघाचा शब्द देऊन सहल विकली की काय होते, हे 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. गोठणगाव गेटच्या बाजूला पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली. चित्रफीत पसरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली. त्या चालकांना आणि मार्गदर्शकांना दोष देऊन आपण सुटत नाही. वाघ दाखवण्याचे वचन पुण्या-मुंबईतल्या कार्यालयात दिले जाते आणि त्याचा दाब गेटवरच्या जिप्सीवर पडतो. शिवाय वाघ फक्त गेटच्या आतच राहतो, हे गृहीतकही आता टिकत नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये टिपेश्वरमधल्या एका तरुण नर वाघाला भारतीय वन्यजीव संस्था आणि वनविभागाने रेडिओ कॉलर लावली. तो बाहेर पडला, आदिलाबाद, नांदेड, हिंगोलीच्या बाजूने फिरत शेते, ओढे, नाले आणि महामार्ग ओलांडत डिसेंबरपर्यंत 1300 किलोमीटरहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. 2021 मध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ गौताळ्यात सापडला. पैनगंगेचे खोरे या वाटांवरच आहे. म्हणून पाहुण्याला खरे तेच सांगावे: या रानात वाघ फिरतो, त्याचा माग ओढ्याच्या वाळूत दिसू शकतो, तो स्वतः दिसेल याची हमी नाही. ज्याला सफारी हवीच आहे त्याच्यासाठी शेवटी पांढरकवड्याचा वेगळा मुक्काम जोडावा, त्याचे पैसेही वेगळे घ्यावेत. मूळ सहलीचे यश-अपयश त्यावर टांगू नये.

दुसरा आक्षेप सोयींचा. हिमायतनगरला साधे लॉज आहेत, किनवटला थोडे बरे, माहूरला भक्तनिवास, तारांकित काही नाही. यावर आमचे उत्तर सरळ आहे: गट आठ-दहा जणांचा ठेवा, खोल्या आधी स्वतः जाऊन बघा, स्वच्छ अंथरूण, गरम पाणी आणि पहाटे पाचला चहा एवढ्या तीन गोष्टींची लॉजवाल्याकडून खात्री घ्या. ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा यांचा डबा शेताच्या बांधावर मिळाला तर कुणी बुफे मागत नाही. दोनच मुक्कामांमुळे डिझेल आणि गाडीचे जे भाडे वाचते, ते स्थानिक वाटाड्याच्या मजुरीत घालावे. नफ्याचे गणित यात कमी पडत नाही, फक्त खर्चाचे रकाने बदलतात.

तिसरा आक्षेप आम्हाला स्वतःला सगळ्यात जास्त छळतो. आज शांत असलेली जागा मासिकातून जाहीर केली की उद्या तिथे वीस गाड्या उभ्या राहतील. ही भीती पोकळ नाही. पण जागा लपवून ती वाचत नाही. वाळूउपसा, वृक्षतोड आणि रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेली वीज यांना प्रसिद्धीची गरज लागत नाही, त्या अंधारातच चालतात. नियमित येणारा, ओळखीचा, लहान गट वनरक्षकाला मदतच करतो. त्यासाठी काही गोष्टी मात्र तडजोडीविना पाळाव्या लागतील. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे अभयारण्यात प्रवेशाला परवाना लागतो. पैनगंगा अभयारण्य पांढरकवडा वन्यजीव विभागाकडे आहे आणि नांदेड जिल्ह्यातले बाहेरचे जंगल नांदेड वनविभागाकडे, म्हणजे दोन कार्यालये आणि दोन अर्ज. नवरंगाला किंवा स्वर्गीय नर्तकाला बाहेर काढायला मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणे बंद. घरट्याचे ठिकाण कुठल्याही गटावर टाकणे बंद. वाघाचा ताजा माग दिसला तर तो वनविभागाला कळवायचा, समाजमाध्यमांवर नाही, कारण त्या शिवारात रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला शेतकरी एकटा जातो आणि गर्दीने बिथरलेला वाघ आधी त्याच्यासमोर येतो.

राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा पैनगंगेकाठच्या पहिल्या सहलीला सोयीचा आहे, फक्त त्या वर्षीची दिवाळी कधी आहे ते पाहून घ्यावे. दोन रात्री हिमायतनगर, दोन रात्री माहूर. त्याआधी संयोजकाने पाहुण्यांशिवाय एक फेरी करावी, दोन्ही वन कार्यालयांत अर्ज द्यावेत, इस्लापूर आणि किनवट भागातल्या चार तरुणांना दुर्बिणी देऊन महिनाभर नोंदी करायला लावावे आणि त्या कामाची मजुरी सहल सुरू होण्याआधी त्यांच्या हातात द्यावी.