बाहेरचं झाड आणि आपली माती

मागच्या पावसाळ्यात सोनगीरच्या आमच्या घरातला तिसरा मनीप्लांट मेला. खाला म्हणाली, नजर लागली. धाकटा भाऊ म्हणाला, पाणी कमी पडलं. शेजारचे काका ओसरीवर बसले होते. त्यांनी निकालच दिला, "बाहेरचं झाड आहे ते. आपल्या मातीत टिकायचं नाही."

हे वाक्य मी झाडांचा विषय नसतानाही बऱ्याचदा ऐकलं आहे. म्हणून ते तिथंच सोडून देता आलं नाही. मी कुंडी उलटी केली. आतून कुंडीच्याच आकाराचं काळ्या मातीचं ढेकूळ निघालं, ओलं आणि उग्र वासाचं. मुळं तपकिरी पडलेली, बोटानं ओढली की साल हातात यायची. झाड गुदमरून मेलं होतं. आणि ती माती मीच आणली होती, मित्राच्या कपाशीच्या शेतातून, मोठ्या अभिमानानं.

आधी काकांचा मुद्दा घेऊ. मनीप्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोरिया बेटाचा. मॉन्स्टेरा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांतला. बाहेरची झाडं, कबूल. पण मग आपल्या ठेच्यातली मिरची आणि शेंगदाणाही अमेरिका खंडातून आलेत. खानदेशात आज उभी असलेली बहुतेक कपाशी अमेरिकन कुळातलीच आहे. त्यांना कुणी मूळ गाव विचारत नाही, कारण त्यांना काय लागतं हे शेतकऱ्यानं समजून घेतलं. मनीप्लांटच्या बाबतीत आपण ते कष्ट घेत नाही आणि तो मेला की त्याचा जन्मदाखला काढतो.

मग दोष काळ्या मातीचा का? तसंही नाही. ही माती दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनली आहे. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण मोठं, त्यामुळे ती पाणी धरून ठेवते. पावसानं फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांमधून हवा खोल जाते, वरची माती खाली पडते, गांडुळं काम करतात. शेतात ही माती स्वतःच स्वतःला खालीवर करते. कोरडवाहू कपाशी तिच्यातल्या ओलीवरच तग धरते.

कुंडीत यातलं काहीच घडत नाही. नऊ इंचांच्या कुंडीत रोज पाणी पडतं, माती दबत जाते आणि तिच्यातली हवेची जागा संपते. मुळांनाही श्वास लागतो. प्राणवायू पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट हळू पसरतो. शिवाय ही माती सुकली की आकसते आणि कुंडीच्या कडेनं फट पडते. मग ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या छिद्रानं निघून जातं. आपल्याला वाटतं पाणी दिलं, पण मधला गोळा कोरडाच राहतो. म्हणजे पावसाळ्यात झाड कुजतं, उन्हाळ्यात तहानेनं मरतं, आणि दोन्ही वेळा आपण म्हणतो नजर लागली.

आणखी एक गोष्ट. आपल्या काळ्या मातीत चुना असतो, तिचा सामू बहुधा 7.5 ते 8.5 असतो. या झाडांना 5.5 ते 6.5 मानवतो. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की समजावं. लोक अशा वेळी युरिया टाकतात. लोहाच्या उपासावर युरियाचा काय उपयोग?

इथं कुणीतरी विचारणारच, "अहो, मनीप्लांट तर पाण्याच्या बाटलीत वाढतो, मग ओल्या मातीत कसा कुजेल?" प्रश्न चांगला आहे. बाटलीतली मुळं पाण्यातच फुटलेली, त्या पाण्याला सवयलेली असतात, आणि ते पाणी आपण बदलत असतो. चिखलातलं कोंडलेलं पाणी बदलत नाही. ही झाडं रानात दुसऱ्या झाडांवर चढतात. त्यांची मुळं साल, पालापाचोळा आणि भुसभुशीत कुजलेल्या थरात हिंडतात. ओल हवी, पण ओलीसोबत हवाही हवी.

आता दुसऱ्या टोकाला वळतो, कारण माझा राग त्यांच्यावरही आहे. मोबाइलवरचे बागवान सांगतात, "तुमची माती खराब आहे, ही पिशवी घ्या." पिशवीत बहुतेक वेळा कोकोपीट असतं, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. वस्तू कामाची आहे. पण तिच्यात अन्न जवळजवळ नसतं, क्षार असू शकतात आणि नुसती भरली तर तीही फडक्यासारखी ओली राहते. पांढरे हलके खडे म्हणजे परलाइट, ज्वालामुखीची काच भट्टीत फुलवून केलेलं. वाईट नाही, पण त्यावाचून अडतही नाही. पिढ्यान् पिढ्या पीक देणारी माती खराब आहे हे ऐकून घेणं मला मान्य नाही. ती कुंडीत एकटी भरण्याजोगी नाही, एवढंच खरं.

आमच्या घरी आता असं मिश्रण होतं: एक घमेलं माती, एक घमेलं गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, एक घमेलं दोनतीनदा धुतलेलं कोकोपीट किंवा भुईमुगाची कुजवलेली टरफलं, आणि एक घमेलं विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, धूळ धुऊन. ओलं मिश्रण मुठीत दाबावं. बोट लावताच गोळा फुटला पाहिजे. न फुटला तर विटा वाढवाव्या. कुंडीत पाणी ओतलं की अर्ध्या मिनिटात खालून निघायला हवं.

तीन सवयी सोडाव्या लागतील. सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव, म्हणून पितळेच्या भांड्यात झाड लावायची हौस इथं फार. भांड्याला छिद्र नसेल तर कुंडी वेगळी आत ठेवा आणि साचलेलं पाणी ओता. दुसरं, भट्टीची राख खत म्हणून टाकू नका. राखेनं सामू आणखी चढतो आणि धातूच्या भट्टीच्या राखेत तांबं, जस्त राहू शकतं, ते मुळांना बाधतं. तिसरं, तळाशी खड्यांचा जाड थर. त्यानं निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी माती चिंब भरल्याशिवाय खड्यांत उतरत नाही, उलट ओला थर मुळांच्या जवळ येतो. छिद्रावर एक ठिकरी पुरे.

नंतरची निगा सोपी आहे. बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या, आणि द्याल तेव्हा खालून निघेपर्यंत. बोअरच्या जड पाण्यानं मातीवर पांढरा थर धरतो, तो खरवडून काढा. पावसाचं पाणी साठवून द्या. दोन वर्षांनी मिश्रण बसतं, तेव्हा कुंडी बदला. जुनी माती फेकू नका. मे महिन्यात ओली करून प्लास्टिकखाली महिनाभर तापवा, चाळा, नवं खत मिसळा.

फेकू नका हे मी बजावून सांगतो, कारण बागांसाठी काळी माती ट्रॉलीनं विकली जाते. ती कुणाच्या तरी शेताची वरची कातडी असते. इंचभर माती बनायला शेकडो वर्षं लागतात. 2017 पासून सरकार 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' म्हणत धरणातला गाळ शेतांवर टाकायला सांगतं, आणि आपण शेतातली माती शहरातल्या गॅलरीत नेतो. मीही आणलीच होती, गोणीभर. उरलेली या उन्हाळ्यात मित्राच्या बांधावर परत टाकून आलो. त्याला हसू आलं.

चौथा मनीप्लांट ओसरीवर आहे. त्याच्या मिश्रणात चौथा हिस्सा त्याच शेतातली माती आहे. नऊ महिने झाले, वेल खिडकीच्या चौकटीपर्यंत गेला. काका रोज त्याच्याखाली बसतात. परवा म्हणाले, "याची एक फांदी दे रे मला." दिली. सोबत विटांचे तुकडेही दिले.