ती बोटे वाकडी कुणी केली?

दिवाळीच्या अंकात कुष्ठरोगाचा विषय काढला म्हणून काही वाचक नाक मुरडतील. फराळाचे ताट पुढे असताना हे कशाला, असे म्हणतील. त्यांची क्षमा न मागताच मी लिहिणार आहे. कारण ज्या घरांवर आज आकाशकंदील लागले आहेत, अशाच सुखवस्तू, शिकल्यासवरलेल्या घरांवर माझा आरोप आहे.

अकोल्यातल्या, आमच्या नात्यातल्याच एका घराची ही हकीकत. मुलगी बी.ए. झालेली, स्थळे पाहणे सुरू. तिच्या उजव्या कोपराजवळ एक फिकट चट्टा उठला. खाज नाही, दुखणे नाही; टाचणी टोचली तरी कळत नसे. मी म्हटले, "आधी सरकारी दवाखान्यात दाखवा." त्यावर तिची आई हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, लगन होऊन जाऊ द्या, मंग पाहू." लांब बाह्यांचे कपडे शिवले गेले. लग्न काही ठरले नाही. वर्षाने तिची करंगळी आणि शेजारचे बोट तळहाताकडे वळू लागले, तेव्हा कुठे डॉक्टरांची पायरी चढण्यात आली. औषधाने रोग गेला. बोटे मात्र पहिल्यासारखी झाली नाहीत.

आता मला सांगा, ती बोटे वाकडी कुणी केली?

जंतूने, असे उत्तर चटकन येईल. तेव्हा त्या जंतूची थोडी वकिली करतो. हान्सेन या नॉर्वेच्या डॉक्टरने तो १८७३ मध्ये शोधला. त्याच्याइतका आळशी जंतू क्वचितच सापडेल. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. शरीरात शिरल्यावर रोग दिसू लागायला बहुधा काही वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. बहुतेक माणसांच्या अंगी त्याला परतवून लावण्याची शक्ती निसर्गतःच असते. हा रोग आनुवंशिक नाही. हातात हात दिल्याने तो लागत नाही. औषध न घेतलेल्या रोग्याचा दीर्घ, निकट सहवास त्याला लागतो. अनेक औषधांचा एकत्रित उपचार १९८० नंतरच्या दशकात आला. आज तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. सहा महिने, किंवा रोग अधिक पसरला असेल तर बारा महिने. मज्जातंतू दुखावण्यापूर्वी तो सुरू झाला, तर सहसा मागे व्यंग राहत नाही. म्हणजे जंतूने पुरेशी मुदत दिली होती. ती वाया घालवली घराच्या अब्रूने!

आणि झाकल्याने त्या एकटीचेच नुकसान झाले असेही नाही. रोग्याचे नाव कळले, तर घरातल्या आणि शेजारच्या निरोगी माणसांना प्रतिबंधक म्हणून रिफाम्पिसिन या औषधाची एकच मात्रा देतात. नाव झाकले की तीही हुकते. अब्रूचा पडदा असा शेजाऱ्यांच्या पोरांनाही भोवतो.

"पण हा रोग तर देशातून गेला ना?" असे विचारणारे पुष्कळ भेटतात. २००५ च्या अखेरीस देशातले प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले, ही गोष्ट खरी. परंतु कमी होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. २०२२ मध्ये जगात सुमारे १ लाख ७४ हजार नवे रुग्ण आढळले. त्यांतले १ लाखाहून अधिक भारतातले होते.

आम्हां वऱ्हाडकरांना हे शिकवायला कुणी बाहेरून येण्याची गरज नव्हती. अमरावतीच्या डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी, म्हणजे दाजीसाहेबांनी, १९४६ मध्ये तपोवनात कुष्ठरोग्यांसाठी वसाहत उभी केली, भीक मागणाऱ्या हातांना काम दिले. १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शेजारच्या वर्ध्यात मनोहर दिवाणांनी त्याआधीच, १९३६ मध्ये, दत्तपूरला या सेवेला आरंभ केला होता. आणि सेवाग्रामात परचुरेशास्त्र्यांची शुश्रूषा गांधीजी स्वतःच्या हातांनी करीत. ही नावे घेताना आमची छाती फुगते. पण तपोवन उभारावे का लागले, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारीत नाही. त्या रोग्यांना घरे नव्हती काय? होती. त्या घरांनी दारे लावून घेतली. अशा संस्थेला देणगी देणारा गृहस्थ आपल्या घरातला चट्टा झाकत असेल, तर त्याची ती देणगी म्हणजे दानत नव्हे, दंड आहे.

त्या आईलाच सगळा दोष द्यावा, असे मात्र मला वाटत नाही. तिची भीती खोटी नव्हती. भिक्षेकरी कुष्ठरोग्यांना धरून कोंडणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. ते २०१९ मध्ये काढून टाकण्यात आले. कायद्याला उशिरा का होईना, शहाणपण सुचले. मुलगी पाहायला येणाऱ्या मंडळींना अजून सुचायचे आहे. चट्टा कळताच आपण पोह्यांची बशी खाली ठेवून उठून जाऊ, हे त्या आईने अचूक ओळखले होते. तिने झाकले ते आपल्यापासून!

ती मुलगी आता घरी शिकवणी घेते. खडू अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरते. अक्षर वळणदार आहे. ती पूर्ण बरी आहे. तिच्याकडे बघायला अजून कुणी आलेले नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघर मुलांना तेल-उटणे लागेल. पाठ, दंड, मांड्या, सारे अंग आईच्या हाताखालून जाईल. एखादा फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, आणि तिथे उटण्याची खरखर मुलाला जाणवत नसेल, तर घाबरू नका आणि झाकूही नका. भाऊबीज आटोपली की दवाखाना गाठा. आणि पुढच्या लग्नसराईत कुणी बापाने धीर करून "मुलीला कुष्ठरोग होता, आता बरा झाला" असे सांगितले, तर पोहे संपेपर्यंत तरी बसा. मग मुलीला तिचे नाव, शिक्षण आणि आवडनिवड विचारा.