गाडीवरचा पट्टा कडेने जातो

गाडी दारात आली की मुलांचा पहिला हट्ट पट्ट्यांचा असतो. बॉनेटवर दोन, दोन्ही बाजूंना एकेक आणि मागच्या काचेखाली नाव. घरातील वडीलधारी मंडळी थोडी कुरकुर करतात, पण पट्टे लागतातच. मग दोन-तीन उन्हाळे जातात. गाडीचा रंग अजून चांगला असतो, इंजिनची तक्रार नसते. पट्टा मात्र कोपऱ्यात कुरळा होतो, त्याच्या कडेने काळी रेघ धरते आणि धडधाकट गाडी जुनाट दिसू लागते. विकायला काढली तर घेणारा नेमके तिथेच बोट ठेवतो. ज्यांच्या घरी गाडी हीच रोजी आहे, म्हणजे शाळेची व्हॅन, टुरिस्ट गाडी किंवा बेकरीचा टेम्पो, त्यांचे नुकसान तर सरळ खिशाचे असते.

वाचक बंधू-भगिनींनो, पट्टा खराब होण्याला आपण बहुतेक वेळा उन्हाला आणि दुकानदाराला दोष देतो. दोघांचाही वाटा असतो, पण तिसरा वाटा आपल्या हातांचा असतो. घासणी, धुण्याची पावडर, रॉकेल, डिझेल, खोबरेल तेल अशा घरातल्या आणि गॅरेजमधल्या वस्तू आपण पट्ट्यावर आजमावतो आणि त्याचे आयुष्य कमी करतो. म्हणून या महिन्यात आम्ही याच विषयावर लिहीत आहोत.

हा पट्टा असतो तरी काय?

बाजारात आपण याला सरसकट ‘रेडियम’ म्हणतो. खरे रेडियम हा १८९८ साली मेरी आणि पिएर क्युरी यांनी शोधलेला किरणोत्सारी धातू. आपल्या गाडीवरच्या पट्टीत तो औषधालाही नसतो. ही पट्टी विनाइलची, म्हणजे पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकची असते. पाण्याच्या नळासाठी वापरतात तेच पीव्हीसी. नळ कडक असतो आणि पट्टी लवचिक, कारण पट्टीत तिला मऊ ठेवणारे तेलासारखे द्रव्य मिसळलेले असते. मागे गोंदाचा थर असतो. ऊन आणि उष्णता हे मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू बाहेर काढतात. मग पट्टी कडक होते, आकसते आणि शेवटी तडकते.

पट्टीचे दोन प्रकार आहेत, ते स्वयंपाकघरातून लवकर कळतील. एक प्रकार लाटून केलेला. मैद्याची पोळी लाटली की हात काढताच ती थोडी मागे सरते. तसा लाटलेल्या पट्टीत ताण शिल्लक असतो आणि ऊन लागले की ती आकसू पाहते. दुसरा प्रकार ओतून केलेला, कोकणातल्या घावनासारखा. पातळ मिश्रण पसरून तिथेच सुकवलेले असल्यामुळे त्यात ताण नसतो. दुकानात याला ‘कास्ट’ म्हणतात. कास्ट पट्टी साधारण ५० मायक्रॉन जाडीची असते, लाटलेली ७५ ते १०० मायक्रॉन. बोटाला जाड लागते म्हणून मजबूत समजू नये. गाडीसाठी पातळ कास्ट जास्त टिकते. ती महाग असते. म्हणून घेतानाच कोणती पट्टी आहे ते विचारून घ्यावे.

पट्टी आकसली की तिच्या कडेला गोंदाची केसाएवढी रेघ उघडी पडते. तिच्यावर धूळ चिकटते आणि काळी किनार दिसू लागते. याच उघड्या कडेतून पाणी, साबण आणि तेल आत शिरतात. पट्टा मधून सहसा जात नाही; तो कडेने जातो. पुढे जे काही सांगणार आहोत, त्या सगळ्याचा मतलब कड सांभाळणे एवढाच आहे.

धुण्याची रीत

गाडी सावलीत धुवावी. बॉनेटला हात लावून पाहावा. गरम असेल तर थांबावे. तापलेल्या पत्र्यावर साबणाचे पाणी क्षणात सुकते आणि त्याचे डाग पट्ट्यावर बसतात.

आधी नुसते पाणी टाकून धूळ आणि वाळू खाली जाऊ द्यावी. कोरड्या धुळीवर फडके फिरवणे म्हणजे पॉलिशपेपर फिरवणे. त्यानंतर दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीच्या शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. फडके साबणात बुडवून पुसावे, मग साध्या पाण्यात पिळून पुन्हा साबणात बुडवावे. त्यामुळे काढलेली माती परत पट्ट्यावर जात नाही. पाणीही वाचते, नळी मोकळी सोडून गाडी धुणे हा इसराफच आहे.

फडके मायक्रोफायबरचे किंवा जुन्या मऊ सुती कापडाचे असावे. हात पट्ट्याच्या लांबीने फिरवावा, आडवा नाही. आडवा हात दर वेळी कडेला अडकतो आणि तिला थोडे थोडे उचलतो. शेवटी कोरड्या फडक्याने पुसून कडेचे पाणी टिपून घ्यावे. मराठवाड्यात बोअरचे पाणी जड असते. ते आपोआप सुकू दिले तर पांढरे ठिपके उरतात. ठिपके आधीच पडले असतील तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन मऊ फडक्याने पुसावे आणि लगेच साध्या पाण्याने धुवावे.

कपड्यांची पावडर वापरू नये. ती क्षारयुक्त असते, आधी लावलेले मेण काढून टाकते आणि नीट धुतली गेली नाही तर कडेला पांढरी साचते. भांड्यांची घासणी तर पट्ट्याच्या जवळही नेऊ नये.

धुण्याच्या सेंटरवर गाडी देत असाल तर आधी दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. पहिली, दाबाच्या पाण्याची नळी पट्ट्यापासून किमान एक फूट दूर आणि सरळ समोरून धरावी. तिरकी धार कडेखाली घुसते आणि एका झटक्यात पट्टा उचलते. दुसरी, खालून डिझेल मारायचे असेल तर ते बाजूच्या पट्ट्यांवर उडू देऊ नये. डिझेल गोंद सैल करते. खरे तर डिझेल मारूच देऊ नये, कारण ते खालच्या रबरी भागांनाही चांगले नाही.

डाग पडला तर

पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक हे सर्वात वाईट. उन्हात ते पट्ट्यात मुरतात. खरवडू नये. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेले फडके डागावर पाच-दहा मिनिटे ठेवावे. डाग मऊ झाला की अलगद उचलून घ्यावा.

डांबराचे शिंतोडे साबणाने जात नाहीत. त्यासाठी औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणावे. दोन भाग अल्कोहोल आणि एक भाग पाणी असे मिश्रण करून फडक्याच्या टोकाला घ्यावे, आधी पट्ट्याच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर आजमावावे, मग डाग टिपावा आणि ती जागा लगेच धुवावी. हे मिश्रण पेट घेते, म्हणून मोकळ्या हवेत वापरावे आणि मुलांपासून दूर ठेवावे. कडेवर ते ओतू नये, गोंदही विरघळतो. रॉकेल, थिनर आणि पेट्रोल यांना तर हातच लावू नये. पेट्रोल भरताना टाकीच्या झाकणाजवळ थेंब सांडले तर तिथेच पाण्याने पुसून घ्यावे.

ऊन, सावली आणि मेण

बाजूच्या पट्ट्यापेक्षा बॉनेटचा आणि टपावरचा पट्टा आधी जातो, कारण दिवसभर ऊन त्याच्यावर सरळ पडते. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सावलीत उभ्या केलेल्या गाडीचा पट्टा तिथे कितीतरी जास्त टिकतो. सावलीइतके स्वस्त औषध दुसरे नाही.

कव्हर घालायचे असेल तर धुतलेल्या गाडीवरच घालावे. धुळीच्या गाडीवर कव्हर टाकले की वाऱ्याने ते हलते आणि रात्रभर पट्टा घासत राहते. पावसाळ्यात कोकणातल्या भावांनी ओले कव्हर गाडीवर राहू देऊ नये. आतला दमटपणा कड सोडवतो.

चमकदार पट्ट्यावर दोन-तीन महिन्यांतून एकदा गाडीचे साधे मेण किंवा विनाइलसाठी मिळणारा स्प्रे पातळ लावता येतो. रंगाचे ओरखडे काढणारे पॉलिश वापरू नये, त्यात बारीक रेती असते आणि ती पट्ट्याचा वरचा थर खाते. मेण कडेला पांढरे अडकले तर जुन्या मऊ दातब्रशने काढावे. पट्टा मॅट असेल, म्हणजे चमक नसलेला, तर त्याला मेण बिलकूल लावू नये. ठिकठिकाणी चकचकीत धब्बे पडतात आणि ते जात नाहीत. खोबरेल तेलाने काळा पट्टा दोन दिवस नवा दिसतो हे खरे, पण तिसऱ्या दिवशी सगळ्या रस्त्याची धूळ त्याच्यावर असते आणि तेल गोंदापर्यंत पोहोचलेले असते.

कोपरा उचलला तर

लगेच लक्ष दिले तर वाचतो. कानाच्या काडीला अल्कोहोलचे वरील मिश्रण लावून खालची धूळ पुसावी, पूर्ण सुकू द्यावे. केस वाळवण्याच्या ड्रायरने कोपरा कोमट करावा, चटका बसेल इतका नाही, आणि फडक्यातून अंगठ्याने आतून बाहेर दाबत न्यावे. झटपट चिकटणारा गोंद घालू नये. तो रंगाला धरतो आणि पुढे पट्टा काढताना रंग घेऊन येतो. गोंदच मेला असेल तर तेवढा कोपरा गोल कापून टाकलेला बरा. टोकदार कोपरा लवकर उचलतो, गोल कोपरा टिकतो. म्हणून नवा पट्टा लावतानाच कोपरे गोल मागावेत. लावल्यावर निदान २४ तास पाणी लागू देऊ नये आणि आठवडाभर दाबाचे पाणी टाळावे.

टेम्पोवाल्या भावांसाठी

मालवाहू गाडीवर समोर पांढऱ्या, बाजूंना पिवळ्या आणि मागे लाल चमकपट्ट्या असतात. त्या शोभेसाठी नाहीत. रात्री हायवेच्या कडेला गाडी बंद पडली, बॅटरी उतरली, तरी मागून येणाऱ्याला याच पट्ट्या सांगतात की पुढे काहीतरी उभे आहे. ही पट्टी प्रकाश इकडेतिकडे विखुरत नाही, जिथून आला त्या दिशेलाच परत पाठवते. पण तिच्यावर चिखलाचा थर असेल तर तो प्रकाश आत जातच नाही, परत काय येणार?

पावसाळ्यात रोज निघताना ओल्या फडक्याने या पट्ट्या पुसाव्यात. महिन्यातून एकदा रात्री तीस पावलांवर उभे राहून, टॉर्च डोळ्याच्या बाजूला धरून पाहावे. टॉर्च कमरेजवळ धरली तर चांगली पट्टीसुद्धा फिकी वाटेल. जो तुकडा अंधारात राहील तो बदलावा. त्यांच्यावर नावाची किंवा शोभेची पट्टी कधीही चिकटवू नये. घरी वाट पाहणाऱ्यांसाठी या दोन मिनिटांची किंमत मोठी आहे.

काढण्याची वेळ आली की

तडकलेला पट्टा ठेवण्यात अर्थ नाही. जितका उशीर, तितका तो तुकड्यातुकड्यांनी निघतो. दुपारी पत्रा कोमट झालेला असताना किंवा ड्रायरने शेकून एक टोक नखाने सोडवावे आणि पट्टा स्वतःवरच दुमडून, पत्र्याला जवळजवळ चिकटून, सावकाश ओढावा. सुरी लावू नये. उरलेला गोंद अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसावा. गाडीचा तो भाग कधी बाहेर पुन्हा रंगवलेला असेल तर फार जपून. तो रंग पट्ट्याबरोबर निघू शकतो. पट्ट्याखालचा मूळ रंग थोडा गडद दिसेल, कारण त्याने ऊन पाहिलेले नसते. हा गाडीचा दोष समजू नये.

आपल्याकडे पुष्कळ गाड्यांवर पट्ट्याबरोबर ‘माशाअल्लाह’ किंवा एखादी दुआ लिहिलेली असते. ती लावतानाच चाकाच्या चिखलापासून दूर, काचेच्या उंचीवर लावावी. काढायची झाली तर सेंटरच्या मुलावर सोपवू नये, कारण तिथे निघालेली अक्षरे गटारात जातात. घरी स्वतः काढावीत आणि मशिदीत जुन्या पानांसाठी जी जागा असते तिथे कापडात बांधून द्यावीत.

घरात शाळकरी मुले असतील तर पट्टे पुसण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. आठवड्याला दोन बादल्या पाणी, एक मऊ फडके आणि लांबीने फिरणारा हात, एवढेच लागते. ज्यांनी हट्टाने पट्टे लावून घेतले, त्यांनीच ते सांभाळावेत हे न्यायाचेही आहे.