निदान, निदान तरी करा

आयटीत एक वाक्य फार अभिमानानं बोललं जातं. "आपल्याला बुवा गाडीतलं काही कळत नाही, आपण सरळ सर्व्हिस सेंटरला देतो." बोलणाऱ्यांत मेकॅनिकलवाले बरेच असतात, ही त्यातली गंमत. फोर स्ट्रोक सायकलची आकृती पेन्सिलीनं काढून, तिला निळे-लाल बाण दाखवून मार्क मिळवलेली मंडळी. आता डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की त्यावर चिकटपट्टी लावायची का, असं विचारतात. (हा विनोद नाही. विचारलंय.)

अडाणी असणं गुन्हा नाही. मला शेअर बाजार कळत नाही, मी कबूल करतो आणि गप्प बसतो. माझा राग त्या अभिमानावर आहे. कारण हाच माणूस सोमवार ते शुक्रवार काय करतो? लॉग वाचतो. बग कधी येतो, कधी येत नाही ते तपासतो. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो. ज्युनिअरनं चार ठिकाणी कोड बदलून "आता चालतंय" असं सांगितलं तर त्याला फाडून खातो. आणि शनिवारी सकाळी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उभा राहून "गाडी जरा कशीतरीच चालतेय" एवढंच सांगतो आणि समोर येईल त्या एस्टिमेटवर सही ठोकतो. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन, अमुक कोटिंग, तमुक ट्रीटमेंट. तक्रार काय होती ते त्या कागदावर शोधून सापडत नाही!

मागच्या वर्षी पुण्यातल्या एका सर्व्हिस सेंटरनं (नाव लिहीत नाही, सगळीकडे हेच चालतं) माझ्या गाडीसाठी नवी बॅटरी आणि नवा अल्टरनेटर सुचवला. तक्रार होती सकाळी स्टार्ट न होण्याची. मी विचारलं, व्होल्टेज किती आलं? सल्लागारसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्यांचा पगार विचारला. माझ्या डिकीत मल्टीमीटर असतो. इंजिन बंद असताना बॅटरी १२.५, चालू असताना १४.२. म्हणजे बॅटरीही ठीक, अल्टरनेटरही ठीक. निगेटिव्हची वायर बॉडीला जिथे जोडतात तिथला बोल्ट गंजून ढिला झाला होता. घासला, आवळला, संपलं. मल्टीमीटर काही शे रुपयांचा.

आता लगेच कुणीतरी म्हणणार, म्हणजे आम्ही आता रविवारी गाडीखाली झोपायचं का? नाही हो. दुरुस्ती वेगळी आणि निदान वेगळं. अपेंडिक्सचं ऑपरेशन आपण घरी करत नाही, पण पोटात उजवीकडे खाली दुखतंय की छातीत, एवढं तर डॉक्टरला सांगतो ना? गाडीच्या बाबतीत आपण "डॉक्टर, मला बरं वाटत नाही" म्हणून डोळे मिटून टेबलावर आडवे होतो.

मी रावेरचा. तिकडे हे असं चालत नाही, कारण परवडत नाही. केळीला उन्हाळ्यात पाणी चुकलं तर बाग बसते. बोअर खोल, सबमर्सिबल मोटर जमिनीच्या पोटात, डोळ्यांना दिसत नाही. वर स्टार्टरच्या पेटीवर एक अँपिअरचा काटा असतो, बस्स. तो काटा बघून शेतकरी ठरवतो. अँपिअर नेहमीपेक्षा जास्त घेतेय म्हणजे मोटर कुठेतरी अडकतेय, बेअरिंग गेलं असेल किंवा गाळ आला असेल, नाहीतर व्होल्टेज कमी आहे. अँपिअर एकदम कमी म्हणजे बोअरचं पाणी खाली गेलं, मोटर कोरडी चालतेय, बंद करा. नुसतीच घुमतेय, उचलत नाही, तर एक फेज गेला असेल, आधी डीपीवरचा फ्यूज बघा. मोटर वर काढायची म्हणजे माणसं लावा, पाइप काढा, दिवस घालवा. म्हणून आधी निदान, मग हात. ही शिस्त कुठल्याही डिग्रीशिवाय आलेली आहे. केळीचे ट्रक रावेर-सावद्याहून थेट दिल्लीकडे जातात. मे महिन्यात असा ट्रक वाटेत बंद पडला आणि ड्रायव्हरचं निदान चुकलं, तर दुरुस्ती होईपर्यंत आतला माल पिवळा पडायला लागतो. त्याला "आपल्याला काही कळत नाही बुवा" म्हणायची चैन नाही.

पण गावाकडचं सगळं शहाणपण, असलं काही मी म्हणणार नाही. कारण तिथलाच एक प्रकार माझ्या डोक्यात जातो. थर्मोस्टॅट काढून टाकणे.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. गाड्या तापतात. मग गाडी तापली की थर्मोस्टॅट काढा, हा सरसकट उपाय. इंजिन थंड असताना पाण्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप. इंजिन तापलं की ती उघडते. ती बंद अवस्थेत अडकली तर गाडी तापणारच. तेव्हा ती बदलायची, किंमत काही फार नसते. पण इथे ती अडकली आहे का हे न बघताच काढतात. खरा दोष असतो जाळीत साचलेल्या धुळीचा, किड्यांचा, नाहीतर बंद पडलेल्या पंख्याचा. झडप काढल्यावर काटा थोडा खाली येतो, गिऱ्हाईक खूश. पुढे डिसेंबरच्या थंडीत इंजिन वेळेवर गरमच होत नाही, संगणक त्याला जास्त पेट्रोल पाजत राहतो, ॲव्हरेज पडतं, आणि वर्षभरानं अजिंठ्याच्या घाटात पूर्ण लोडवर गाडी परत तापते. एक्सेप्शन पकडून गिळून टाकायची आणि टेस्ट पास झाली म्हणायची, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा वाद कूलंटचा. "आपल्याकडं बर्फ पडतो का भो? मग कशाला पाहिजे कूलंट?" हे मी इतक्या वेळा ऐकलंय! डब्यावर अँटिफ्रीझ लिहिलेलं असतं, त्यामुळे प्रश्न अगदीच चुकीचा नाही. खरं सांगायचं तर उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी कूलंटपेक्षा सरस आहे. पण निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं आणि रेडिएटरच्या झाकणाच्या दाबाखाली त्याच्याही बरंच वर. ते एक. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यात गंज रोखणारी रसायनं असतात. आपल्या बोअरचं पाणी बादलीवर आणि गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढवतं, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. तिथे ब्रश घालता येत नाही. (कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं, सांडलेलं कुत्र्या-मांजरांना आणि पोरांना लागू देऊ नका. हे डब्यावर बारीक अक्षरात असतं.)

गाडी तापण्याचं निदान खरं तर कुणीही करू शकतो. प्रश्न एकच, कधी तापते? सिग्नलला उभी असताना तापते आणि हायवेला लागल्यावर काटा खाली येतो? मग पंख्यावर संशय, कारण हायवेला वारा ते काम फुकट करतो. बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा फिरायला लागला पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमानं जायचं, फ्यूज सगळ्यात स्वस्त. (हात आणि ओढणी लांब. हा पंखा गाडी बंद केल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो.) उलट गावात ठीक चालते आणि घाटात किंवा हायवेला तापते? मग कूलंट कमी, रेडिएटर चोंदलेला किंवा वॉटर पंप. कूलंट कमी होतंय पण खाली एक थेंब नाही, सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर? हेड गॅस्केट. तिथे आपलं काम संपलं, गाडी टो करून न्या, चालवू नका. वाटेत काटा वर गेलाच तर एसी बंद आणि हीटर फुल. होय, मे महिन्यात, जळगाव-भुसावळ रोडवर. घामाघूम व्हाल, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता तो गाडीत ओततो. काटा उतरला नाही तर बाजूला घेऊन बंद करा. आणि गरम रेडिएटरचं झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडायचं नाही, वाफेनं तोंड भाजलेली माणसं आमच्या तालुक्यात कमी नाहीत.

स्टार्टिंगचं तर याहून सोपं. किल्ली फिरवल्यावर नुसतं भराभर कटकटकट वाजलं तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल खराब. एकच मोठा 'टक' आणि पुढे शांतता, तर स्टार्टर. इंजिन गरागरा फिरतंय पण पकडत नाही, तर बॅटरीला शिव्या देऊ नका, पेट्रोल किंवा स्पार्क पोचत नाहीये. आणि बॅटरी थंडीत मरते हे थंड देशातलं ज्ञान आपल्याकडे उलटं लागू होतं. बॅटरीला म्हातारं करतो उन्हाळा. डिसेंबरात ती फक्त उघडी पडते.

आता तो पिवळा दिवा. "आजकालच्या गाड्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक, आपल्याला काय कळणार" हा आक्षेप सॉफ्टवेअरवाल्यानं घ्यावा याच्यासारखा विनोद नाही. अहो, इलेक्ट्रॉनिक झाली म्हणून तर सोपी झाली! भारतात चारचाकींना २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. स्टिअरिंगच्या खाली कुठेतरी सोळा पिनांचं सॉकेट असतं. हजाराच्या आत मिळणारा ब्लूटूथ डोंगल त्यात खुपसा, फोनवर ॲप टाका, गाडी स्वतःचे लॉग वाचून दाखवते. कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. हल्ली कित्येक गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, थेट लाल दिवा, त्यामुळे या आकड्याचं मोल आणखी वाढतं.

पण कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. पी-०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. त्याचं कारण फाटलेला व्हॅक्यूमचा पाइप, घाण झालेला एअरफ्लो सेन्सर, दमलेला पेट्रोल पंप, काहीही असेल. पी-०४२० आला म्हणून महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलणारा मेकॅनिक आणि स्टॅक ट्रेसची शेवटची ओळ कमेंट करणारा प्रोग्रामर, दोघांची जात एक. दिवा स्थिर असेल तर घरी जाऊन बघा. लुकलुकत असेल तर मिसफायर आहे, वेग कमी करा आणि शक्य तितक्या लवकर थांबा. आणि कुणी नुसता कोड क्लिअर करून "झालं साहेब" म्हणालं तर त्यानं पुरावा पुसलाय.

"माझ्या तासाचा दर बघता मला हे परवडत नाही" म्हणणारेही आहेत. शनिवारी दोन तास वेटिंग लाउंजमधला मशीनचा चहा पीत टीव्ही बघण्याचा दर कोण देतं, ते मला अजून कळलेलं नाही. असो.

वॉरंटीचं भूत मात्र मुद्दाम बसवलेलं आहे. बाहेर हात लावला की वॉरंटी गेली, ही धमकी. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींवर दंड ठोठावला. स्पेअर पार्ट, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची उपकरणं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, हा आरोप आयोगानं मान्य केला. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असंही त्यात होतं. (बाहेरच्या चुकीच्या कामानं काही बिघडलं तर तो भाग वेगळा.) कंपन्या अपिलात गेल्या. २०१६ साली अपील न्यायाधिकरणानं तिघांचा दंड घटवला, मूळ निष्कर्ष ठेवला, आणि प्रकरण आणखी वर गेलं. २०२२ मध्ये केंद्रानं राइट टू रिपेअरची समिती नेमली, वर्षअखेर पोर्टलही आलं. त्यात गाड्या आहेत, शेतीची अवजारंही आहेत. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, हे सांगायला नकोच.

पुण्यात या भांडणाचं काही वाटत नाही, दर दोन किलोमीटरवर एक शोरूम आहे. रावेरहून बऱ्याच कंपन्यांचं अधिकृत वर्कशॉप म्हणजे भुसावळ, नाहीतर साठ-सत्तर किलोमीटरवरचं जळगाव. स्टेशन रोडवरचा मेकॅनिक डिझेल इंजेक्टर व्यवस्थित बदलतो. पण कित्येक गाड्यांत नव्या इंजेक्टरवरचा कोड गाडीच्या संगणकाला सांगावा लागतो, आणि तो सांगणारं उपकरण त्याच्याकडे नसेल तर धड झालेली गाडी परत टो होऊन जळगावला जाते. माणसाला काम येतं, पासवर्ड नाही. ज्यांना लॉगइन आणि परमिशन म्हणजे काय ते झोपेतही कळतं, त्या आपल्यासारख्या लोकांनी यावर आरडाओरडा करायला हवा होता. आपण काउंटरवर सही करतोय.

ब्रेक, एअरबॅग आणि इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबल यांना हौशी माणसानं हात लावू नये, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये. बाकी पुढच्या सर्व्हिसिंगला फार काही नको, एवढंच विचारा: कोड कुठला आला होता, आणि क्लिअर करायच्या आधीचा प्रिंटआउट मिळेल का? काय उत्तर येतं ते मला कळवा.