गाणं हेही दवाखान्यातलं काम आहे

‘यासाठी माणूस कशाला हवा? एक अ‍ॅप बनवू, टॅबवर टाकू, झालं!’ म्युझिक थेरपिस्ट काय काम करतो हे मी ऑफिसात सांगायला लागलो की पाच मिनिटांत कुणीतरी हे म्हणतंच. घरी सांगितलं तर उत्तर वेगळं येतं. ‘बेटा, गाणंबजावणं आपल्यात चांगलं मानत नाहीत. आणि त्यात पैसा तरी कुठे आहे?’ एकाला हे काम यंत्राचं वाटतं, दुसऱ्याला ते कामच वाटत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दवाखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर बनवण्यात माझी अकरा वर्षं गेली. या दोन्ही उत्तरांशी माझं भांडण आहे. मुलांच्या दवाखान्यात संगीताचं काम शिकलेल्या माणसानं करावं, त्याला त्याचा पगार मिळावा आणि आपल्या घरातल्या सुरेल मुलामुलींनी या कामाकडे करिअर म्हणून पाहावं, असं माझं मत आहे.

आधी हे काम काय आहे ते समजून घेऊ. कारण संगीतोपचार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाढदिवसाला वॉर्डात येऊन गिटार वाजवणारे हौशी कलाकार येतात. ते येतात हे चांगलंच आहे. पण ते मनोरंजन झालं.

कंपनीच्या कामासाठी मी दोन वर्षं इंग्लंडमध्ये होतो. मुलांच्या वॉर्डातल्या नोंदींचं सॉफ्टवेअर करायचं होतं, म्हणून तिथले कर्मचारी दिवसभर काय करतात हे बघायला मला पाठवलं होतं. त्यात एक दिवस म्युझिक थेरपिस्टबरोबर होता. तिचा दिवस नर्सच्या यादीनं सुरू झाला: कुणाला आज सुई टोचायची आहे, कोण दोन दिवस बोललेलं नाही, कोण ऑपरेशननंतर खोल श्वास घ्यायला घाबरतंय. प्रत्येक मुलाकडे जाण्याआधी आणि आल्यानंतर ती खुळखुळे, डफ, गिटार जंतुनाशकानं पुसत होती. खोलीच्या दारात थांबून ती मुलाला विचारायची, ‘आत येऊ का?’ मूल नको म्हणालं तर ती खरंच निघून जायची. दवाखान्यात मुलाला सुईला नाही म्हणता येत नाही, औषधाला नाही म्हणता येत नाही. या एका बाईला मात्र नाही म्हणता येतं. तो नकारही उपचाराचाच भाग असतो, हे मला तिथे कळलं. शेवटी प्रत्येक भेटीची नोंद मुलाच्या फाईलमध्ये जायची, फिजिओथेरपिस्टची जाते तशीच.

आता सलाईन लावण्याचं उदाहरण घ्या. चार वर्षांचं मूल घाबरून रडतंय, शीर सापडत नाही, आईचे हात थरथरताहेत. अशा वेळी शांत, संथ गाणं लावलं तर मुलाला ते ऐकूही जात नाही. थेरपिस्ट मुलाच्या रडण्याच्या वेगानंच ताल धरते. त्याचा श्वास जलद असेल तर तालही जलद. मुलाचं लक्ष त्या तालात अडकलं की ती तो हळूहळू उतरवते आणि त्याचा श्वासही खाली येऊ लागतो. आधी समोरच्याच्या मनःस्थितीशी जुळवून घ्यायचं, मग तिथून त्याला पुढे न्यायचं, हे या शास्त्राचं जुनं तत्त्व आहे. त्यासाठी कान जितका लागतो तितकीच नजर लागते.

मुदतीआधी जन्मलेल्या बाळांचा विभाग याहून नाजूक असतो. तिथल्या यंत्रांचे अलार्म हा माझ्या कामाचा विषय आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९७ साली सांगितलं होतं की या विभागातला आवाज ४५ डेसिबलच्या वर जाणं चिंतेचं आहे. माझ्यासारखे लोक या विभागात आवाज वाढवतात. थेरपिस्ट तिथे वाद्यांचा ताफा घेऊन जात नाही. एकच आवाज, दोनतीन सुरांची लोरी, कधी नुसतं गुणगुणणं, आणि डोळे सतत मॉनिटरवर. बाळाचा ऑक्सिजन खाली आला की गाणं थांबतं. २०१३ साली अमेरिकेतल्या ११ दवाखान्यांच्या अशा विभागांतल्या २७२ बाळांवर झालेल्या अभ्यासात थेरपिस्टच्या देखरेखीखालच्या अशा आवाजांनी बाळांच्या हृदयाची गती निवळलेली दिसली. त्यात आईबापांनी स्वतः निवडलेली गाणी लोरीसारखी गायली गेली, तेव्हा आईबापांचा ताणही कमी झाला.

आणि जिथे उपचार संपतात तिथेही हे काम संपत नाही. अमेरिकेतल्या काही मुलांच्या दवाखान्यांत थेरपिस्ट शेवटच्या दिवसांतल्या मुलाच्या हृदयाचे ठोके रेकॉर्ड करतात, त्या ठोक्यांच्या तालावर मुलाचं आवडतं गाणं बांधतात आणि ते आईबापांना देतात. याचं मोजमाप कुठल्या तक्त्यात बसवायचं मला माहीत नाही. पण ज्या घरात मूल गेलं आहे तिथे त्याची किंमत कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

अ‍ॅपवाल्या मित्रांची बाजूही मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. कॅनडात अल्बर्टा इथे ३ ते ११ वर्षांच्या ४२ मुलांवर एक प्रयोग झाला. सलाईन लावताना काहींना रेकॉर्ड केलेलं संगीत ऐकवलं. ज्यांनी ते ऐकलं त्यांना वेदना कमी जाणवल्या. म्हणजे स्पीकरसुद्धा काम करतो. मग जिथे स्पीकरनं भागतं तिथे तो आजच लावा, त्याला खर्च किती येतो? पण स्पीकरला मूल दिसत नाही. मुलानं तोंड फिरवलं, मूठ आवळली, ओठ हलवले, हे पाहून पुढचा सूर बदलायचा असतो. हृदयाची गती वाचणारं सॉफ्टवेअर मी लिहू शकतो. हे मूल सुईला घाबरलंय की आई बाहेर गेली म्हणून घाबरलंय, हे मात्र त्या आकड्यात नसतं. शिवाय मुलाला आणखी एक स्क्रीन नको असतो, त्याच्याकडे बघणारं कुणीतरी हवं असतं.

दुसऱ्या टोकालाही सावध राहायला हवं. अमुक रागानं मधुमेह जातो, तमुक सुरानं कॅन्सर बरा होतो, असे मेसेज आपल्या फॅमिली ग्रुपवरही फिरतात. प्रामाणिक म्युझिक थेरपिस्ट असा दावा करत नाही. केमो केमोच्या जागी असते. संगीतानं मुलाला ती सोसायला बळ मिळतं, भीती आणि वेदना कमी होतात. एवढंच खरं आहे आणि एवढं पुरेसं आहे.

आता घरातल्या प्रश्नाकडे येतो. संगीत जायज आहे का, यावर आपल्याकडे शतकानुशतकं मतभेद आहेत. एका लेखात ते मिटणार नाहीत. पण वाद करणाऱ्यांनी निदान इमाम गझालींचं म्हणणं तरी माहीत करून घ्यावं. ‘इह्या’ या ग्रंथात त्यांनी ऐकण्यावर, म्हणजे समाअवर, स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे आणि पाळण्यातलं रडणारं बाळ गोड आवाजानं शांत होतं, याचा दाखला दिला आहे. ज्यांना वाद्य मान्य नाही त्यांच्याही घरात नानी लोरी म्हणते, नात पढली जाते, लग्नात डफ वाजतो. थेरपिस्ट मुलाच्या घरातलाच सूर वापरतो. ज्या कुटुंबाला वाद्य नको त्याच्यासाठी नुसता गळा आणि हाताचा ताल पुरतो. तेव्हा तुमची श्रद्धा या कामाच्या आड येईलच असं नाही. ‘लोक काय म्हणतील’ हे मात्र येतं, आणि त्याला श्रद्धेचं नाव देणं बरोबर नाही.

काहीजण उलट बाजूनं अभिमान मिरवतात. एदिर्ने शहरात सुलतान बायझीद दुसरा यानं १४८८ साली पूर्ण केलेल्या दवाखान्यात रुग्णांसाठी गायक-वादक नेमले होते, ते आठवड्यातून तीनदा वाजवत, असं सतराव्या शतकातला प्रवासी एव्लिया चेलेबी लिहून ठेवतो. हे वाचून मलाही बरं वाटतं. पण ती इमारत आज संग्रहालय आहे, आणि आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातलं मूल आज रडतंय. पूर्वजांनी पगारी कलाकार नेमले, आपण कुणाला नेमलं?

इतक्या लांब जायचीही गरज नाही. मिरजेकडे बघा. तिथल्या शिकलगार कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारं बाजूला ठेवून सतार-तंबोरे बनवायला घेतले. त्यांच्या वंशजांचं आडनावच सतारमेकर झालं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले, इथल्या दर्ग्यातच त्यांची कबर आहे आणि त्यांच्या आठवणीत तिथे दरवर्षी संगीताचा उत्सव होतो. आणि हेच गाव दवाखान्यांचंही आहे. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी तिथे मिशनचं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकातूनसुद्धा लोक उपचाराला येतात. तंबोरा बनवणारे आणि इंजेक्शन देणारे एकाच बाजारात भाजी घेतात. त्यांना एका वॉर्डात आणायला आपल्याला कोण अडवतंय?

अडवते ती रचना. इंग्लंडमध्ये ‘म्युझिक थेरपिस्ट’ हे नाव कायद्यानं राखीव आहे. पदव्युत्तर शिक्षण आणि सरकारमान्य नोंदणी असल्याशिवाय ते लावता येत नाही. अमेरिकेत पदवीबरोबर १२०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि मग परीक्षा असते. आपल्याकडेही पुदुच्चेरीच्या श्री बालाजी विद्यापीठात संगीतोपचाराचं शिक्षण आणि संशोधन करणारं केंद्र आहे, चेन्नईतही अभ्यासक्रम चालतात. पण दवाखान्यात पदच नसेल तर शिकून मुलगी करणार काय? पद नाही म्हणून कुणी शिकत नाही, आणि शिकलेलं कुणी नाही म्हणून पद नाही.

ही गाठ एका टोकाकडून सोडवावी लागेल, आणि ते टोक आपल्या हातात आहे. आपल्या समाजाचे ट्रस्ट डायलिसिस सेंटर चालवतात, रुग्णवाहिका देतात, शिष्यवृत्त्या वाटतात. त्यांपैकी एखाद्या ट्रस्टनं दरवर्षी एका विद्यार्थ्याला हे शिकायला पाठवावं आणि परत आल्यावर एखाद्या मुलांच्या वॉर्डात दोन वर्षं त्याचा पगार द्यावा. नर्सना आणि आईबापांना फरक दिसला की पुढचा पगार दवाखान्याकडे मागता येईल.

आणि तुम्ही, जे कॉलेजात आहात, नात पढता, तबला वाजवता, गिटार पलंगाखाली लपवून ठेवता, तुम्ही एवढं करा. मानसशास्त्र घ्या किंवा नर्सिंग घ्या, पण गाणं सोडू नका. जवळच्या दवाखान्याच्या मुलांच्या वॉर्डात परवानगी काढून एक दिवस जा. वाद्य नेऊ नका. आधी तिथे किती प्रकारचे आवाज आहेत ते ऐका, आणि त्यातला एक तरी आवाज त्या मुलांसाठी आहे का ते बघा.