तुरान, व्हीनस आणि सूर्यभाषा : साम्य म्हणजे नाते नव्हे
१/८ इटलीतील प्राचीन एट्रुस्कन लोकांच्या प्रेमदेवतेचे नाव होते 'तुरान'. रोमनांनी पूजिलेली व्हीनस ती हीच, असे मानले जाई. इकडे मध्य आशियातील तुर्कांच्या प्रदेशालाही 'तुरान' म्हणतात. मग रोमच्या देवतांचे मूळ तुर्की म्हणावे का? अनुमान मोहक आहे. पण ते टिकत नाही. #धागा

२/८ एट्रुस्कन अर्पणलेखांत 'तुर-' हा 'देणे' या अर्थाचा धातू वारंवार येतो. देवीचे नाव त्याच्याशी जोडले जाते. प्रदेशवाचक 'तुरान' मात्र इराणी परंपरेतले आहे. शाहनाम्यात फरीदूनचा पुत्र तूर याच्या वाट्याला आलेली ती भूमी. म्हणजे ते नावही मुळात तुर्की नव्हे.

३/८ भाषांचे नाते तपासताना संख्यावाचक शब्द उपयोगी पडतात. एक, दोन, तीन यांना एट्रुस्कनमध्ये 'थु, झल, कि' म्हणत. तुर्कीत 'बिर, इकी, उच'. येथे साम्याचा मागमूस नाही.

४/८ याउलट ज्युपिटर पाहा. जुन्या लॅटिनमधील 'दिएस्पितेर', ग्रीकांची 'झेउ पातेर' ही हाक आणि ऋग्वेदातील 'द्यौष्पिता', तिन्हींचा अर्थ 'आकाशपिता'. मूळ 'द्य'चा ग्रीकमध्ये 'झ' होणे हा नियम आहे, योगायोग नव्हे. 'व्हीनस'चे नातेही संस्कृत 'वन्' (इच्छिणे) या धातूशी लागते.

५/८ तरीही १९३६ मध्ये इस्तंबूलच्या भाषा परिषदेत 'सूर्यभाषा सिद्धान्त' गाजला. व्हिएन्नाच्या हर्मन क्वेर्गिच यांच्या लेखनातून त्याला चालना मिळाली होती. आदिमानवाने सूर्याकडे पाहून काढलेल्या उद्गारातून भाषा जन्मली आणि जगातील भाषांचे मूळ तुर्कीत आहे, असा त्याचा दावा.

६/८ यामागे अभिमानाइतकीच सोयही होती. १९३२ पासून अरबी-फारसी शब्द हद्दपार करण्याची मोहीम जोरात होती आणि लिहिणे-बोलणे अवघड होऊ लागले होते. सगळेच शब्द मूळचे तुर्की ठरले, की हद्दपारीची गरजच उरत नाही! १९३८ मध्ये अतातुर्क यांचे निधन झाले आणि सिद्धान्तही मावळला.

७/८ मराठी वाचकाने यावर हसण्यापूर्वी थोडे थांबावे. 'व्हॅटिकन' म्हणजे 'वाटिका' ही पु. ना. ओक यांची व्युत्पत्ती याच जातीची. 'द्यौष्पिता' आणि 'ज्युपिटर' यांचे नाते खरे आहे. पण त्यातून लॅटिन ही संस्कृतची कन्या ठरत नाही. दोन्ही एका लुप्त भाषेच्या लेकी आहेत. जी कसोटी तुर्कीला, तीच संस्कृतला.

८/८ आणि तुर्की भाषेला उसन्या देवतांची गरज तरी काय? आठव्या शतकातील ओर्खोन शिलालेखांत तिचा स्वतःचा आकाशदेव 'तेंग्री' विराजमान आहे. आजच्या तुर्कीत तोच 'तान्री' होऊन नांदतो. जो वारसा खरोखर आपला असतो, त्याला ओढूनताणून पुरावे जमवावे लागत नाहीत.