दुसऱ्याच्या नाडीवर बोट ठेवताना

ज्याच्या हृदयाने एकदा धोक्याची सूचना दिली आहे, अशा माणसाने दुसऱ्याचे प्राण वाचविण्याचे शिक्षण घ्यावे काय? प्रथमदर्शनी हा विचारच विसंगत वाटतो. हृदयविकाराच्या रुग्णाने जपून राहावे, जिने टाळावेत, धावपळ मुलांवर सोपवावी, असे सांगण्याची घरोघरी रीत आहे. परंतु ज्याला एकदा रुग्णवाहिकेतून जावे लागले आहे, त्याला त्या गाडीतील दोन माणसांचे मोल इतरांपेक्षा अधिक कळलेले असते. म्हणूनच बरे झाल्यावर त्यांच्या पंक्तीत उभे राहण्याची इच्छा काहींच्या मनात निर्माण होते. ती इच्छा पार पडणे धैर्यावर कमी आणि चोख हिशेबावर अधिक अवलंबून असते.

अशा स्वयंसेवेची परंपरा अमेरिकेत जुनी आहे. व्हर्जिनिया राज्यातील रोनोक गावी 1909 साली नदीत होडी उलटून दोन माणसे बुडाली. काठावरच्या लोकांना काय करावे हे ठाऊक नव्हते. ते दृश्य पाहणारा ज्युलियन वाइज हा मुलगा पुढे रेल्वेत नोकरीस लागला आणि 1928 साली त्याने सहकाऱ्यांना जमवून स्वयंसेवकांचे बचावपथक उभारले. तरीही देशभरची व्यवस्था दीर्घकाळ विस्कळीत राहिली. 1966 साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने प्रसिद्ध केलेल्या अहवालात नमूद केले होते, की देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका-सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोक चालवितात. कारण माणसाला आडवे नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडेच असे. त्या अहवालानंतर ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन’, म्हणजे ईएमटी, या पदासाठी निश्चित अभ्यासक्रम तयार झाला. आजही तेथील अनेक लहान गावांत हे काम पोटापाण्याचा उद्योग सांभाळून, विनावेतन केले जाते.

हा अभ्यासक्रम साधारण 150 ते 200 तासांचा असतो. श्वासमार्ग मोकळा करणे, ऑक्सिजन देणे, रक्तस्राव थांबविणे, मोडलेले हाड स्थिर करणे, प्रसूतीस साहाय्य करणे, अशी कौशल्ये त्यात शिकविली जातात. शेवटी लेखी परीक्षा होते आणि प्रात्यक्षिकांतही उत्तीर्ण व्हावे लागते. पन्नाशी-साठीच्या विद्यार्थ्याला पुस्तकाचे भय फारसे नसते. त्याची खरी कसोटी लागते ती शारीरिक क्षमतेच्या अटीपाशी. या पदाच्या कामाच्या वर्णनात 125 पौंड, म्हणजे सुमारे 57 किलो, वजन एकट्याने उचलून तोलता यावे, अशी अपेक्षा नमूद असते. रुग्ण नेहमी तळमजल्यावर आजारी पडत नाही, आणि अरुंद जिन्यावरून स्ट्रेचर उतरविताना मध्येच थांबून दम खाता येत नाही.

येथेच पहिला मोह उत्पन्न होतो. अर्जातील पूर्वीच्या आजाराचा रकाना कोरा ठेवला तर कोण पाहणार? व्यापार करणाऱ्यांना हे उदाहरण परिचित आहे. ताळेबंदातून दडविलेले दायित्व नाहीसे होत नाही. ते अगदी अडचणीच्या दिवशी वर येते, आणि त्याची झळ सर्व भागीदारांना बसते. रुग्णवाहिकेत बहुधा दोनच माणसे असतात. त्यांतील एक कोसळला, तर उरलेल्या एकापुढे दोन रुग्ण उभे राहतात. म्हणून घटनास्थळी पोहोचल्यावर प्रथम स्वतःची सुरक्षितता पाहावी, हा या शिक्षणातील आरंभीचा धडा असतो. इतरांसाठी त्याचा अर्थ विजेची तार, वाहती रहदारी वा धूर असा होतो. हृदयविकार असलेल्या विद्यार्थ्याला त्या यादीत स्वतःची छातीही धरावी लागते.

सांगितलेल्या आजारावर उपाय निघू शकतो. हृदयरोगतज्ज्ञ ताणचाचणी घेऊन किती श्रम झेपतील याचा अंदाज बांधतात. झटक्यानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात देखरेखीखाली व्यायाम हळूहळू वाढविला जातो. औषधांचे परिणामही समजून घ्यावे लागतात. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी श्रम वाढले तरी त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे केवळ नाडी मोजून ‘अजून दम आहे’ असे ठरविणे फसवे असते. काम करताना पूर्ण वाक्य बोलता येते का, ही साधी खूण अधिक उपयोगी पडते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला किरकोळ मारही महागात पडू शकतो. ज्याची शुद्ध अचानक हरपण्याचा धोका आहे, त्याच्या हाती रुग्णवाहिकेचे चाक द्यावे की नाही, हा स्वतंत्रपणे विचारण्याचा प्रश्न आहे.

छातीवर दाब देण्याच्या सरावात हे सारे एकत्र येते. प्रौढ व्यक्तीची हृदयक्रिया बंद पडली असता दर मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटीमीटर खोल दाब द्यावा लागतो. धडधाकट तरुणही यात लवकर थकतो, आणि थकल्याचे त्याच्या ध्यानात येण्याआधीच दाबाची खोली घटू लागते. म्हणूनच सुमारे दर दोन मिनिटांनी दाब देणारा बदलावा असा नियम आहे. दमणे हे येथे दुर्बलतेचे लक्षण मानलेले नाही. ते गृहीत धरूनच पद्धत बेतली आहे. ‘आता तुम्ही या’ असे वेळेवर सांगणारा मनुष्य रुग्णाचे हितच पाहत असतो.

श्रमाइतकाच आकस्मिकपणाही घातक ठरू शकतो. मध्यरात्री पुकारा होतो आणि गाढ झोपेतील माणूस क्षणात धावू लागतो. अमेरिकेतील अग्निशामकांच्या कर्तव्यावर होणाऱ्या मृत्यूंमध्ये अकस्मात हृदयविकार हे प्रमुख कारण ठरले आहे. या पार्श्वभूमीवर रात्रपाळी नाकारणे, वजन उचलताना जादा हात मागविणे, औषधांची वेळ न चुकविणे, या गोष्टी संकोचाच्या नव्हेत. वैद्यांनी उचलण्याचे काम मना केलेच, तर संदेश घेणे, नव्या उमेदवारांना शिकविणे, साहित्याची तपासणी करणे, हिशेब राखणे, ही कामेही पथकाला हवीच असतात. ऑक्सिजनची रिकामी नळकांडी घेऊन निघालेली गाडी कितीही वेगाने पोहोचली तरी व्यर्थ.

अशा स्वयंसेवकाजवळ एक गोष्ट मात्र अधिकची असते. छातीत दुखत असलेला मनुष्य पुष्कळदा ‘पित्त झाले असेल’ म्हणून वेळ काढतो. कधी वेदना छातीत न जाणवता जबड्यात, खांद्यात वा पाठीत जाणवते. कधी केवळ घाम आणि अस्वस्थता असते. हे पाठ्यपुस्तकात असतेच. परंतु ज्याने स्वतः ते टाळाटाळीचे शब्द उच्चारलेले असतात, त्याला ते दुसऱ्याच्या तोंडून लगेच ओळखू येतात. त्याने स्वतःच्या दुखण्याची कथा तेथे सांगू नये. रुग्णाला शांतपणे ऐकून घेणारा माणूस हवा असतो. त्याच्या सल्ल्यातील खरेपणा कथेवाचूनही पोहोचतो.

महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा चालते. ती वेतनी असून तिच्या गाडीत डॉक्टर असतात. येथे स्वयंसेवकाचे स्थान गाडीत नसून गाडी येईपर्यंतच्या त्या मोलाच्या मिनिटांत आहे. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स, रेडक्रॉस यांसारख्या संस्था प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातील कलम 134 अ ने संरक्षण दिले आहे. बाजारपेठेत दिवसभर गादीवर बसणारे, गल्लीतील प्रत्येक जिना ठाऊक असणारे व्यापारी या कामास विशेष योग्य आहेत. त्यांच्यातील अनेकांच्या खिशात रक्तदाबाची वा हृदयाची गोळी असते, ही अडचण खरी. पण ती अपात्रता नव्हे. 108 ला वेळेवर कळविणे, गर्दी हटविणे, रुग्णवाहिकेला चौकातून वाट दाखविणे आणि दाब देण्यास तरुण नोकराला शिकवून ठेवणे, यांपैकी एकही काम छातीवर भार टाकणारे नाही.

स्वतःची मर्यादा वैद्याकडून नेमकी जाणून घेणे आणि ती सोबत्यांना आधीच सांगून ठेवणे, एवढी तयारी ज्याने केली, त्याच्यावर संकटकाळी विसंबता येते.